दर्भाचा कावळा

आमच्या ऑफिसात कुणाचं काहीही अडलं की लोक उत्तम पाष्ट्यांच्या टेबलापाशी जायचे. पाष्टे चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी बघतो." झालं, गाऱ्हाणं संपलं. एसीतून पाणी गळतंय, मी बघतो. कुठल्यातरी सोसायटीचे चेअरमन फोनवर आरडाओरडा करतायत, मी बघतो. कुणाच्या मेहुण्याला नोकरी हवी आहे, तेही मी बघतो. मला या माणसाचा रागच यायचा. मी पडले फटकळ. जमत नसेल तर नाही म्हणावं आणि मोकळं व्हावं, हे माझं साधं शास्त्र. "पाष्टे, अहो सगळ्या जगाचं तुम्हीच बघितलंत तर जगाने करायचं काय?" असं एकदा मी त्यांना विचारलं. तर हसून म्हणाले, "अगं संचिता, म्हणायला काय जातंय? समोरच्याला बरं वाटतं."

बरं वाटायचं हे मात्र खरं. त्यांचा आवाजच तसा होता, जरा घोगरा आणि संथ. घाबरलेल्या माणसाला धीर येईल असा. आणि ऑफिसच्या कामात तरी ते नुसतं म्हणून थांबायचे नाहीत, खरोखर बघायचे.

आमची कंपनी घोडबंदर रोडला. त्या बाजूला जे उंच उंच टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या लिफ्टवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. लिफ्ट कुठे थांबली, दार नीट लागलं का, कुणी अडकलंय का, हे सगळं आमच्या पडद्यावर दिसतं. लिफ्टमध्ये घंटेचं बटण असतं ना, ते कुणी दाबलं की पूर्वी वॉचमनच्या डोक्यावर घंटा वाजायची. आता ती आमच्याकडे वाजते, आणि आमचा माणूस लिफ्टमधल्या स्पीकरवरून अडकलेल्याशी बोलतो. हा आमचा माणूस म्हणजे पाष्टे.

त्यांचं मूळ गाव गुहागरकडचं, पण ते वाढले विठ्ठलवाडीला, स्टेशनपलीकडच्या एका चाळीत. लग्नानंतर कोपरीत आले. बायको दर्शना, मुलगी पुण्याला शिकायला. वडील सखाराम पाष्टे मात्र चाळ सोडायला तयार नव्हते. शेजारच्या खोलीत त्यांची बहीण होती, कलावती आत्या, तीच दोन वेळचं बघायची. म्हाताऱ्याचा फोन यायचा आमच्या जेवणाच्या सुट्टीत. माझं टेबल बाजूलाच, त्यामुळे इकडचं बोलणं मला पाठ झालेलं. "हो बाबा. हो. मी बघतो." पाष्ट्यांच्या फोनचा आवाज बाहेर फुटायचा, म्हणून पलीकडचं शेवटचं वाक्यही ऐकू यायचं. तेही ठरलेलं असायचं. "बरं. सवडीने बघ."

"काय म्हणतात बाबा?" मी विचारायचे.

"काही नाही गं. एकदा येऊन जा म्हणतात. जाईन या रविवारी."

रविवार यायचे आणि जायचे. कोपरी ते विठ्ठलवाडी म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, पण माणसाला जवळचंच लांब पडतं.

आता या गोष्टीत एआय कसं शिरलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची मॅनेजर ऐश्वर्या. वयाने लहान, पण हुशार आणि मनाने चांगली, तिच्यावर माझा राग नाही. तिने भिंतीवर एक पांढरा फळा लावला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे यंत्राचं काम, उजवीकडे माणसाचं. सुरुवातीला डावीकडे दोनच ओळी होत्या. मग एकेक ओळ रेघ ओलांडून तिकडे जायला लागली. प्रोग्रॅम लिहिणं गेलं. लिहिलेलं तपासणं गेलं. नवीन काही केलं की पाष्टे स्वतः एखाद्या टॉवरमध्ये जायचे, लिफ्टच्या दाराला तळहात लावून वरखाली फेऱ्या मारायचे आणि मग होकार द्यायचे, ते सुद्धा गेलं. त्याऐवजी पडद्यावर एक खोटी लिफ्ट आली. यंत्रच ती पळवायचं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं. पाष्ट्यांनी बसल्या जागी होकाराचं बटण दाबायचं. आम्ही सगळेच उंटावरून शेळ्या हाकायला लागलो होतो.

शेवटी उजवीकडे पाष्ट्यांच्या नावाने दोनच ओळी उरल्या. एक, मंजुरी. दोन, घंटेला उत्तर. ही दुसरी ओळ सोसायट्यांनीच करारात घालून घेतलेली होती. घंटा वाजली तर माणसानेच बोललं पाहिजे. आणि त्यात एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा. माणूस एकदा "मी बघतो" म्हणाला की यंत्राने हात काढून घ्यायचा. नाहीतर यंत्र एका मेकॅनिकला पाठवणार, माणूस दुसऱ्याला, आणि दोघांचा गोंधळ. म्हणून पाष्टे स्पीकरवर धीर द्यायचे, "मी बघतो" म्हणायचे, आणि मग खिशातून स्वतःचा मोबाईल काढून बंटीला फोन लावायचे. बंटी हा आमचा लिफ्ट मेकॅनिक. "काय रे, जेवलास का? मग जा बाबा, अमक्या टॉवरला एक मावशी अडकलीये." ही शेवटची कळ त्यांच्या खासगी फोनवरून फिरायची. कंपनीच्या यंत्राने ती कधी ऐकलेलीच नव्हती. त्याच्या दृष्टीने पाष्टे "मी बघतो" म्हणायचे आणि थोड्या वेळाने माणूस सुटायचा, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस माझ्या लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीत फोन वाजत नाही.

"बाबा बरे आहेत ना?" मी विचारलं.

"बरेच असतील. हल्ली काही तक्रार नाही त्यांची," पाष्टे म्हणाले आणि डबा उघडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी चहा घेऊन गेलेल्या कलावती आत्याला दार आतून बंद सापडलं. शेजाऱ्यांनी ते तोडलं. सखारामबाबा रात्रीच कधीतरी गेले होते.

मी विठ्ठलवाडीला गेले तेव्हा बाहेर तिरडी बांधत होते आणि पाष्टे चाळीच्या गॅलरीत कोपऱ्यात उभं राहून मोबाईलवर काहीतरी करत होते. मला वाटलं नातेवाइकांना कळवतायत. तर म्हणाले, "'तुमच्या जागी' चालू करून ठेवतोय. तेरा दिवस घंटेला कुणीतरी लागेल ना." ही आमच्या एआयमधली एक सोय होती, तिचं नावच 'तुमच्या जागी'. तुमची जुनी उत्तरं, जुनी बोलणी ती वाचून ऐकून घेते आणि तुम्ही नसताना तुमच्या नावाने, तुमच्या आवाजात काम चालवते. वडील आत पडलेले आणि हा माणूस ऑफिसची सोय लावत होता. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. बोलण्याची ती वेळ नव्हती.

दहाव्याला आम्ही ऑफिसातले दोघंतिघं कल्याणला खाडीवरच्या घाटावर गेलो. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या भिंतीवर ओळीने बसलेले होते. एरवी भाताचं शीत दिसलं की झडप घालणारी ती जात, त्या दिवशी नुसती मान वाकडी करून बघत होती. ओरडतही नव्हती. एवढ्या कावळ्यांनी गप्प बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काहीतरी राहिलंय असं आपल्याकडे समजतात, आणि मग घरची माणसं मोठ्याने शब्द देतात. तसं सुरू झालं. "दादा, गावच्या घराचं छप्पर उत्तम बघेल," कुणीतरी म्हणालं. पाष्टे हात जोडून म्हणाले, "मी बघतो." कावळे जागचे हलले नाहीत. "नातीच्या लग्नाचं राहिलं असेल मनात." "मी बघतो बाबा." काही नाही. "कलावतीला एकटी टाकू नको म्हणाला असेल." "आत्याचं मी बघतो." प्रत्येक शब्दाला एखादा कावळा पुढे व्हायचा, पिंडापाशी उडी मारत यायचा, ऐकल्यासारखं करायचा आणि परत भिंतीवर जाऊन बसायचा.

ऊन चढलं. गुरुजींना पुढचे विधी होते. त्यांनी दर्भाच्या काड्या घेतल्या, गाठी मारून एक कावळा केला, चोच पिंडाला लावली आणि म्हणाले, "झालं. चला."

"झालं कसं?" कलावती आत्या म्हणाली. ती पायरीवर बसून होती, तिथून उठली नाही. "गवताला कसली भूक?"

"शास्त्रात सोय आहे आजी," गुरुजी म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. भाच्याला म्हणाली, "उत्तम, तुझं ते मी बघतो पुरे झालं आता. दादाला ते ऐकून ऐकून वीट आलेला."

पाष्टे तेराव्यानंतर कामावर आले ते वेगळेच होऊन. कुणी काही मागितलं की म्हणायचे, "नाही जमणार." किंवा म्हणायचे, "चल, आत्ता जाऊ." पण "मी बघतो" हे शब्द त्यांच्या तोंडून गेले ते गेलेच. लोकांना ते खटकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी त्यांनी सुट्टीतल्या मंजुऱ्या उघडून बघितल्या. वाचता वाचता त्यांनी मला हाक मारली. "संचिता, हे मी लिहिलंय का गं?"

पडद्यावर त्यांच्या नावाखाली त्यांचीच वाक्यं होती. होकार देण्याआधी ते नेहमी एक प्रश्न विचारायचे, वीज गेली तर काय? तो प्रश्न तिथे होता. चिडले की ते वाक्याच्या शेवटी "असो" लिहायचे, तेही होतं.

"तुम्ही घाटावर होता," मी म्हणाले.

"पण हे माझंच आहे. हे मी असंच लिहिलं असतं." त्यांनी पुन्हा वाचलं. "इथे तर मी चिडलोयसुद्धा."

त्यांनी लगेच 'तुमच्या जागी' बंद केलं. पडद्यावर बंद असं आलं, मी स्वतः पाहिलं. पण त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. पाष्टे मंजुरीसाठी काही उघडायचे तर वीज गेली तर काय होईल याचं उत्तर आधीच लिहिलेलं असायचं. त्यांनी मग मुद्दाम दुसरा प्रश्न काढला, आत म्हातारं माणूस एकटं असलं तर? दुसऱ्या दिवसापासून त्याचंही उत्तर तयार. ते रोज काहीतरी नवीन शोधायचे आणि रोज ते यंत्र त्यांच्या आधी तिथे जाऊन बसलेलं असायचं. विचारायला काही उरायचं नाही. होकाराचं बटण तेवढं उरायचं.

"कळलं का तुला?" एक दिवस चहा पिताना ते म्हणाले. "शिजवायचं यंत्राने, वाढायचं यंत्राने, खायचं पण त्यानेच. कुणीतरी शिवलं असं दिसलं पाहिजे म्हणून मला ठेवलाय. मी दर्भाचा आहे गं."

मी त्यांना असलं काही मनात आणू नका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"एक आहे," ते म्हणाले. "हल्ली घंटा येत नाही. लिफ्ट सुधारल्या वाटतं."

तो शुक्रवार होता. शुक्रवारी त्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते आणि आमचं ऑफिस जनरेटरवर चालतं, सगळ्यांना माहीत आहे. पाष्टे सकाळीच म्हणाले की आज होकार देणार नाही, आधी जाऊन लिफ्टला हात लावून येतो, पूर्वीसारखा. रस्त्याच्या पुढच्या टोकाला एक नवीन टॉवर होता, जेमतेम चार घरं राहायला आलेली. तिथे ते गेले. मी दुपारी डबा उघडला आणि सहज भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघितलं. त्यावर सगळ्या टॉवरचे ठिपके असतात. घंटा वाजली की ठिपका लाल होतो, उत्तर दिलं की हिरवा. त्या नव्या टॉवरचा ठिपका लाल झाला आणि लगेच हिरवा झाला. मग पुन्हा लाल, पुन्हा हिरवा.

मी माझ्या संगणकावर तो उघडून बघितला. खाली लिहिलेलं होतं, उत्तम पाष्टे, मी बघतो.

माझा घास हातातच राहिला. घाटावरून आल्यापासून त्यांनी हे शब्द उच्चारले नव्हते.

त्यांचा मोबाईल लागत नव्हता. मी ऐश्वर्याकडे गेले. तिने पडदा बघितला आणि म्हणाली, "उत्तम सरांनी उत्तर दिलंय ना. ते बघतायत."

"ते त्याच टॉवरला गेलेत. त्यांचं ते 'तुमच्या जागी' बंद आहे ना?"

"मंजुरीचं बंद केलंय त्यांनी. घंटेचं वेगळं असतं, ते चालू असेल." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "रिस्पॉन्स मस्त आहे गं त्याचा. घंटा वाजली की लगेच. लोक एकदम शांत होतात."

"मग बंटीला फोन कोण करतं?"

तिने फळ्याकडे बघितलं. फळ्यावर ती ओळच नव्हती.

मी बंटीला फोन लावला. "पाष्टे साहेबांचा? नाय ताई," तो म्हणाला. "त्यांचे वडील वारले तेव्हापासून एक पण कॉल नाय. मी बोललो, लिफ्ट बिघडायच्या बंद झाल्या बहुतेक." मी त्याला हातातलं काम टाकून त्या टॉवरला निघ म्हणून सांगितलं. तो भिवंडीच्या बाजूला होता.

फोन ठेवून मी मागच्या घंटा उघडल्या. पाष्ट्यांचे बाबा गेल्यापासून कितीतरी वाजलेल्या होत्या. सगळ्या हिरव्या. सगळ्यांखाली मी बघतो, मी बघतो. वीज आली की लिफ्ट आपोआप चालू झाली, माणसं बाहेर पडून आपापल्या घरी गेली. कुणाच्याही मदतीला कुणी गेलेलं नव्हतं, आणि तक्रारही कुणी केली नव्हती. कशाला करतील? त्यांच्याशी माणूस बोलला होता.

मी स्पीकर जोडला. आमच्या बाजूने कुणी बोललं की ते लिफ्टमध्ये जाण्याआधी घंटेला उत्तर देणाऱ्याला ऐकू जातं. "पाष्टे," मी म्हणाले, "कुठे आहात तुम्ही?"

"मी बघतो, संचिता," पाष्ट्यांचा आवाज आला. तोच घोगरा, तोच संथ. "तू जेवून घे."

हे ते मला रोज म्हणायचे. कामात डबा राहिला की म्हणायचे, तू जेवून घे. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला खरंच बरं वाटलं. खांदे सैल झाले. बसावं आणि जेवावं असं वाटलं. मग मी पर्स उचलली.

दारापर्यंत पोचले तेवढ्यात मागून ऐश्वर्या म्हणाली, "थांब, बघ. घंटा थांबली. सुटले वाटतं."

मी वळून बघितलं. ठिपका हिरवा होता आणि हिरवाच राहिला. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती कसली वाटली असेल तर त्या हिरव्या ठिपक्याची.

घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला सांगायला नको. रिक्षात बसून मी त्या रिक्षावाल्यावर, मेट्रोच्या खांबांवर, सगळ्यांवर ओरडले. टॉवरला पोचले तर गेटवर वॉचमन खुर्चीत बसलेला. त्याला काहीच माहीत नव्हतं. जनरेटर आणून ठेवलेला होता, जोडलेला नव्हता. मी एकेक मजला चढत लिफ्टच्या बंद दारावर हात आपटत गेले. "पाष्टे, पाष्टे," म्हणून हाका मारत होते. रिकाम्या मजल्यांवर माझाच आवाज फिरून परत यायचा. आतून उत्तर नाही. एका मजल्यावर दाराला कान लावला तर पलीकडून कुणाच्यातरी श्वासाचा आवाज येतोय असं वाटलं. मी म्हणाले, "पाष्टे, मी संचिता. मी आलेय." तरीही उत्तर नाही. ते तिथेच होते, हाकेच्या अंतरावर, आणि बोलत नव्हते.

बंटी आला, धावतच वर गेला आणि हाताने यंत्र सैल करून लिफ्ट थोडी खाली घेतली. मग आमच्या मजल्यावर येऊन किल्लीने दार फाकवलं.

पाष्टे लिफ्टच्या फरशीवर बसलेले होते, समोरच्या आरशाकडे तोंड करून. बॅटरीचा मिणमिणता दिवा वर होता. त्यांना लागलं नव्हतं, चक्कर आली नव्हती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटायला वेळ लागला.

"अहो, ओ का दिली नाहीत?" मी ओरडलेच. "मी केव्हाची हाका मारतेय."

"तू बोलतेयस की ते बोलतंय, कळेना," ते म्हणाले. "आधी हसलो गं. माझाच आवाज, मलाच सांगतोय. समोर आरशात माझं तोंड मिटलेलं आणि आवाज माझा. मग ओरडलो. म्हटलं, अरे मीच उत्तम आहे, मी आत अडकलोय. तर म्हणतो, हो, उत्तम बघतायत, घाबरू नका. मग मी बटण दाबायचंच सोडून दिलं."

बंटीने हात पुढे केला, पण ते उठले नाहीत.

"बाबांनी पण सोडून दिलेलं," पाष्टे म्हणाले. "शेवटी शेवटी फोनच नाही यायचा त्यांचा. मला वाटलं, बरे असतील."

दहाव्याला त्या कावळ्यांना काय ऐकायचं होतं ते मला तेव्हा कळलं, 'मी आलोय' एवढंच, आणि ते आता कुणालाच म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांचा हात गार पडला होता.

तेवढ्यात वीज आली. मजल्यावरचे दिवे लागले, लिफ्टमधला पंखा फिरायला लागला. "घंटा एकदा चेक करतो," बंटी म्हणाला, आणि मी नको म्हणेपर्यंत त्याने आत हात घालून बटण दाबलं.

रिकाम्या लिफ्टमधून पाष्ट्यांचा आवाज आला, अगदी प्रेमळ. "घाबरू नका. मी बघतो."

बंटीने हात मागे घेतला. पाष्टे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा हात सोडवला, एक पाऊल पुढे गेले आणि स्पीकरच्या जाळीपाशी वाकले. आतल्या आवाजाला नीट ऐकू जावं अशा बेताने, हळू आवाजात ते म्हणाले,

"बरं. सवडीने बघ."